हात पाठीमागं, प्रश्न पुढे



'कोच' हा शब्द तुम्ही दोन ठिकाणी ऐकला असेल. एक क्रिकेटच्या मैदानावर आणि दुसरा रेल्वे स्टेशनवर. आमचं पेडगाव परभणी-मनमाड लोहमार्गावर आहे. गाडी आली की लोक आपापला कोच शोधत पळतात. म्हणजे डब्यालाही कोच म्हणायचं आणि खेळाडू घडवणाऱ्या गुरूलाही कोचच म्हणायचं! डब्याचा आणि गुरूचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो मोठा मजेचा आहे. युरोपात हंगेरी नावाचा देश आहे. तिथल्या एका गावाचं नावच कोच. पंधराव्या शतकात तिथले कारागीर फार छान घोडागाड्या बनवीत. त्या गाड्या दूरदूर गेल्या आणि गावाचं नाव गाडीला चिकटलं. पैठणची ती पैठणी, तशी कोचची ती कोच. आपल्याकडे बग्गी हाकणाऱ्याला 'कोचवान' म्हणत, तो याच शब्दाचा नातू. पुढे आगगाडी आली आणि तिच्या डब्यालाही तेच नाव मिळालं. मग १८३०च्या सुमारास इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी एक गंमत केली. जो मास्तर आपल्याला परीक्षेच्या पलीकडे पोचवतो, त्याला ते 'कोच' म्हणू लागले. गाडी गावाला पोचवते, तसा हा पास होण्याला पोचवतो! तिथून हा शब्द खेळाच्या मैदानावर गेला.

पण दोस्तांनो, या गमतीत एक अडचण आहे. गाडीत बसलेल्या माणसाला चालावं लागत नाही. पाय दुमडून बसलं की झालं, गाव आपोआप येतं. चांगल्या कोचचं मात्र नेमकं उलटं असतं. तो तुम्हाला उचलून नेत नाही, तुमच्याच पायांनी चालायला लावतो.

सचिन तेंडुलकरचे गुरू रमाकांत आचरेकर सरांची गोष्ट घ्या. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवर सराव चाले. सचिन दमला की सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. जो गोलंदाज सचिनला बाद करील, नाणं त्याचं. कोणीच बाद करू शकलं नाही, तर नाणं सचिनचं. अशी तेरा नाणी सचिनने जिंकली आणि ती जपून ठेवली. आता बघा, त्या नाण्याने बॅट कशी धरायची ते शिकवलं नाही. पाय कुठे टाकायचा तेही सांगितलं नाही. नाण्याने फक्त एक प्रश्न उभा केला, 'आज तू टिकशील का?' उत्तर सचिनला स्वतःच्या बॅटने द्यावं लागलं. आचरेकर सरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २०१० साली पद्मश्री. २०१९ साली ते गेले.

आज कोच हा शब्द म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे 'कोचिंग क्लास'ची पाटी येते. स्कॉलरशिपचा क्लास, नवोदयचा क्लास. तिथे ज्यांची उत्तरं आधीच ठरलेली आहेत असे प्रश्न सोडवायला शिकवतात. तेही लागतंच. पण ज्या गोष्टीचं उत्तर अजून ठरलेलंच नाही, तिथे काय करायचं? स्वतःच्या मनाने काही नवं करायचं असेल, तर त्याला कोच असतो का? असतो. आणि तो कोच तुम्ही स्वतः होऊ शकता. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

कल्पकता म्हणजे काय?

'कल्पक' म्हटलं की आपल्याला कवी, चित्रकार, शास्त्रज्ञ आठवतात. पण जरा आपल्या घरात बघा. आजी जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची वाकळ शिवते. कोणता तुकडा कुठे लावायचा हे तिने कोणत्या पुस्तकात वाचलं? शेतात पाखरं हाकायला कोणी प्लॅस्टिकची बाटली उलटी टांगतो आणि वाऱ्याने ती खडखडते. पोळ्याच्या आधी तुम्हीच काळ्या मातीचे बैल करता. ज्वारीच्या धाटाचा आतला मऊ गाभा आणि वरची कडक साल घेऊन बैलगाडी करता, चष्मा करता. ही सगळी कल्पकताच आहे. रोजची, घरची. जवळ असलेल्या वस्तूतून नसलेली वस्तू काढायची, एवढंच.

मग शाळेत चित्राचा तास आला की हीच मुलं 'सर, कशाचं काढू?' असं का विचारतात? आणि काढून झालं की 'सर, असं बरोबर आहे का?' असं का विचारतात? धाटाची गाडी करताना तर कोणालाच विचारलं नव्हतं!

मला वाटतं, याचं कारण मदतीत आहे. मदत करणारे आपण मोठी माणसं, मोठे भाऊ, मोठ्या बहिणी, हुशार मित्र फार घाई करतो. समोरचा अडला की लगेच त्याच्या हातातली वस्तू घेतो. 'आण इकडं, मी करून देतो.' वस्तू होते, पण करणारा कोरडाच राहतो. असं चार वेळा झालं की तो आधीच म्हणतो, 'मला नाही येत.'

लोळणारा चौकोन

आमच्या चौथीच्या वर्गात एकदा काड्या आणि वाटाण्यांचा खेळ घेतला. सुके वाटाणे रात्रभर भिजत घालायचे. सकाळी पाणी काढून थोडे सुकू द्यायचे. खराट्याच्या काड्यांचे दहा-दहा सेंटिमीटरचे सारखे तुकडे करायचे. काडीचं टोक वाटाण्यात खुपसलं की झाला कोपरा! त्रिकोण करा, चौकोन करा, काहीही करा.

एका मुलीने त्रिकोण केला, मग चौकोन केला आणि तिचं तोंड उतरलं.

"सर, माझा चौकोन लोळायलाय!"

"आणि त्रिकोण?"

"तो नाही लोळत. गप उभा राहतो."

शेजारी वर्गातला एक चटपटीत मुलगा होता. त्याने लगेच हात पुढे केला. "आण इकडं, मी नीट करून देतो."

मी त्याला म्हणालो, "तू हात पाठीमागं घे. वस्तूला हात लावायचा नाही आणि उत्तर सांगायचं नाही. फक्त विचारायचं."

त्याने हात पाठीमागे बांधले आणि म्हणाला, "अगं, तू मधे तिरपी काडी का लावत नाहीस?"

सगळा वर्ग हसला. कारण हा प्रश्न नव्हता, प्रश्नाचा सदरा घातलेला हुकूम होता. तोही हसला. मग थोडा वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तो हलतो तवा काय काय बदलतंय गं?"

हा खरा प्रश्न! मुलीने चौकोन पुन्हा पुन्हा हलवून पाहिला. "काड्या तेवढ्याच हायेत. कोपरे उघडायलेत अन् मिटायलेत." म्हणजे दोष काड्यांचा नाही, कोपऱ्यांचा! तिने समोरासमोरच्या कोपऱ्यांत एक काडी लावायला घेतली, तर काडी पुरेना. दहा सेंटिमीटरच्या चौकोनाचा कर्ण चौदा सेंटिमीटरहून थोडा जास्त असतो. तिला ते माहीत नव्हतं. तिने काय करावं? चौकोनच दाबला. तो तिरपा झाला आणि काडी बरोबर बसली. आता तो मुळीच हलेना. दोन त्रिकोण एकमेकांना चिकटून बसले होते, पतंगासारखे. पुढे भूमितीत हा 'समभुज चौकोन' तिला नावानिशी भेटेल, तेव्हा ती त्याला आधीपासूनच ओळखत असेल.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एकाने खराट्याची लांब काडी मोजून कापली आणि चौकोन चौकोनच ठेवून पक्का केला. तिसरीने तर कमालच केली. तिने दोन काड्यांत एकेक वाटाणा मण्यासारखा ओवला आणि त्या दोन वाटाण्यांना जोडणारी बारकी तिरपी काडी नुसत्या एका कोपऱ्यात लावली. "आमच्या गोठ्याच्या छपराला अशी लावलीय," म्हणाली.

आता मला सांगा, त्या चटपटीत मुलाला किती उत्तरं माहीत होती? एक. लांब तिरपी काडी. ती त्याने लावून दिली असती, तर वर्गात एकच उत्तर झालं असतं आणि तेही त्याचंच. त्याने हात मागे घेतले म्हणून तीन उत्तरं झाली, आणि त्यातली दोन त्यालाही नवीन होती. कोच झाल्याने त्याचं काही कमी झालं नाही, उलट पदरात पडलं.

त्या दिवशी घरी जाताना मुलं रस्त्यात त्रिकोण शोधत गेली. सायकलच्या सांगाड्यात त्रिकोण, पत्र्याच्या शेडच्या कैचीत त्रिकोण, विजेच्या उंच मनोऱ्यात त्रिकोण. वजन पेलायचं असेल तिथे त्रिकोण का असतो, हे आता त्यांना सांगावं लागणार नव्हतं.

प्रश्नाने नेमकं काय होतं?

कार्ल डंकर नावाचे एक जर्मन मानसशास्त्रज्ञ होते. माणसं कोडी कशी सोडवतात, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९३५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं एक कोडं असं होतं : टेबलावर मेणबत्त्या, काड्या आणि दाबून लावायच्या टाचण्या अशा वस्तू आहेत. मेणबत्त्या दारावर डोळ्यांच्या उंचीला उभ्या करून लावायच्या. कशा लावाल?

बऱ्याच लोकांनी टाचणी थेट मेणबत्तीतून ठोकायचा विचार केला. जमेना. युक्ती सोपी होती. या वस्तू ज्या पुठ्ठ्याच्या छोट्या पेट्यांत ठेवल्या होत्या, त्या पेट्याच टाचण्यांनी दाराला ठोकायच्या. झाली फळी! तिच्यावर मेणबत्ती उभी करायची.

गंमत पुढेच आहे. डंकर यांनी काही लोकांना पेट्या भरलेल्या दिल्या आणि काहींना रिकाम्या. ज्यांना रिकाम्या पेट्या मिळाल्या, त्या सगळ्यांना कोडं सुटलं. ज्यांना भरलेल्या मिळाल्या, त्यांच्यातल्या निम्म्यांनाही सुटलं नाही. पेटी तीच, माणसांची हुशारीही तशीच. पण भरलेली पेटी दिसली की मन म्हणतं, 'ही वस्तू ठेवायची पेटी आहे.' मग तिची फळी होईल हे सुचतच नाही.

चांगला प्रश्न हेच काम करतो. तो समोरच्याच्या डोक्यात नवीन काही घालत नाही. तो पेटी रिकामी करतो. 'हलताना काय बदलतंय?' या प्रश्नाने त्या मुलीला त्रिकोणाचा धडा शिकवला नाही. तिचं लक्ष काड्यांवरून काढून कोपऱ्यांवर नेलं, बस्स. पुढचं तिचं तिने केलं.

वाटाण्यातून घुमट

काड्या-वाटाण्यांचा हा खेळ काही माझा नाही. बालवाडीची कल्पना मांडणाऱ्या फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने एकोणिसाव्या शतकात तो मुलांच्या हाती दिला. तिथून तो अमेरिकेतल्या बालवाड्यांतही गेला. तिथे १८९९च्या सुमारास बकमिन्स्टर फुलर नावाचा चार वर्षांचा मुलगा होता. त्याला धड दिसत नव्हतं आणि अजून चष्मा लागला नव्हता. बाईंनी काड्या आणि वाटाणे देऊन काहीतरी बांधायला सांगितलं. इतर मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली घरं केली, चौकोनी भिंतींची. याला घरं स्पष्ट दिसतच नव्हती. तो बोटांनी चाचपत गेला आणि जो आकार बोटांना पक्का लागला, तोच जोडत गेला. तो आकार होता त्रिकोण. बाईंनी दुसऱ्या बाईंनाही बोलावून ती रचना दाखवली, असं तो मोठेपणी सांगत असे.

हाच मुलगा पुढे त्रिकोण जोडून प्रचंड घुमट बांधू लागला. १९६७ साली कॅनडातल्या माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात त्याने सुमारे ७६ मीटर व्यासाचा घुमट उभारला. पुढे १९८५ साली शास्त्रज्ञांना साठ कार्बन अणूंचा चेंडूसारखा रेणू सापडला. तो या घुमटांची आठवण करून देणारा, म्हणून त्याचं नाव त्यांनी 'बकमिन्स्टरफुलरीन' ठेवलं.

त्या दिवशी कोणी म्हटलं असतं, 'अरे, घर असं असतं का? आण, मी नीट करून देतो,' तर? मला नुसत्या विचारानेच कसंतरी होतं.

पुण्याचे खेळणीवाले सर

आपल्याकडे हे काम ज्यांनी आयुष्यभर केलं, ते अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली इंजिनिअर होऊन ते पुण्याला टेल्कोच्या कारखान्यात कामाला लागले. १९७८ साली त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथल्या खेड्यांमधल्या शाळांत १९७२ पासून एक वेगळा प्रयोग चालू होता. सुरुवात सोळा शाळांत झाली होती. विज्ञानाची उत्तरं पाठ करायची नाहीत. साध्या वस्तूंनी प्रयोग करायचे, चर्चा करायची आणि उत्तर आपण शोधायचं. पुढे कितीतरी शाळांत पसरलेला हा कार्यक्रम २००२ सालापर्यंत चालला.

तिथेच गुप्ता सरांनी एक जोडणी शोधून काढली. सायकलच्या व्हॉल्व्हला लावतात ती बारीक रबरी नळी (दुकानात 'वालट्यूब' म्हटलं की देतात) आणि काड्यापेटीतल्या काड्या. नळीचा छोटा तुकडा कापायचा, दोन्ही बाजूंनी काड्या खुपसायच्या, झाला सांधा. गुल मात्र आधी खरवडून टाकायचा आणि तो मोठ्या माणसासमोरच. काड्यापेटी आणि दोन पैशांची नळी यांतून घनाकृती, घरं, पूल, सगळी भूमिती उभी राहू लागली. महागड्या पेट्यांतल्या खेळण्यांची गरजच उरली नाही.

पुढे २००३ ते २०१४ या काळात ते पुण्याच्या 'आयुका' या संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. जयंत नारळीकर या संस्थेचे संस्थापक संचालक. कागद, स्ट्रॉ, रिकाम्या बाटल्या, जुन्या चपलांचे तुकडे यांपासून गुप्ता सरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो खेळणी तयार केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी बघितलीत तर एक गोष्ट लक्षात येईल. ती इतकी साधी असतात की बघणाऱ्याला वाटतं, 'हे तर मीही करीन!' आणि मग तो करतोच. समोरच्याला असं वाटायला लावणं, हे कोचचं मोठं काम आहे.

मदत किती करायची?

"पण सर, समोरचा रडायला लागला तरी हात मागंच ठेवायचे का?" असं तुम्ही विचाराल. नाही. याचाही अभ्यास झालाय.

१९७६ साली डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या तिघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या तीस मुलांना लाकडाचे २१ ठोकळे दिले. ते जोडून पिरॅमिड करायचा. एक बाई मदतीला होत्या, पण त्यांना नियम होता : मुलाला जेवढं स्वतः करता येईल तेवढं करू द्यायचं आणि अडलं तरच पुढे व्हायचं. अशा मदतीला या तिघांनी नाव दिलं 'परांची'. घर बांधताना गवंडी बांबूंची परांची उभारतात. भिंत वर जाते तशी परांचीही वर जाते. पण घर झाल्यावर परांची काढून टाकतात. ती घरात ठेवत नाहीत!

वूड यांनी पुढे एक सोपा नियम मांडला. समोरचा अडला तर मदत एक पायरी वाढवा, त्याला जमलं तर एक पायरी कमी करा. पायऱ्या अशा :

पहिली : मोघम विचारा. "आता पुढं काय करणार?"

दुसरी : नेमकं विचारा. "हा कोपरा हलायलाय, याचं काय करायचं?"

तिसरी : वस्तूकडे बोट दाखवा. "या काड्यांतली एखादी चालेल का?"

चौथी : वस्तू तयार करून हातात द्या, पण जोडायचं काम त्यालाच करू द्या.

पाचवी : एकदा स्वतः करून दाखवा, ते सोडवा आणि परत त्याच्या हातात द्या.

आपण बहुतेक सगळे सरळ पाचव्या पायरीवर उडी मारतो आणि परत द्यायला विसरतो. गोची तिथेच होते.

आणखी एक गोष्ट. प्रश्न विचारल्यावर थांबायचं. अमेरिकेतल्या मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांमध्ये वेळ मोजला. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत आणि पुढे जात. जिथे शिक्षक तीन सेकंद किंवा जास्त थांबले, तिथे मुलांची उत्तरं लांब झाली, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद! मनात 'एक अंबा, दोन अंबा, तीन अंबा' म्हणा. करून पाहा, किती अवघड जातं ते.

एक मात्र लक्षात ठेवा. काही ठिकाणी प्रश्न विचारत बसायचं नसतं. धाकटा भाऊ विजेच्या बटणात तार घालत असेल, बिनकठड्याच्या विहिरीवर वाकत असेल, फवारणीच्या औषधाचा डबा उघडत असेल, तर 'तुला काय वाटतं, काय होईल?' असं विचारणारा कोच वेडा! तिथे आधी हात धरायचा. तसंच परभणीहून मनमाडला कोणती गाडी जाते, एखादा शब्द शुद्ध कसा लिहायचा, हे सरळ सांगून टाकायचं. जे शोधण्यासारखं आहे तेच शोधू द्यायचं.

घरातला कोच कोण?

हे मी मोठ्यांच्या मासिकात न लिहिता तुमच्यासाठी का लिहितोय? कारण आमच्या भागात कितीतरी घरांत कोच व्हायला दुसरं कोणी नसतंच. परभणी, बीड जिल्ह्यांतली अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुलं आजीपाशी राहतात. जी जात नाहीत, त्यांचेही आई-वडील दिवसभर शेतात असतात. मग पाच वर्षांच्या भावाला जेवू कोण घालतं? बारा वर्षांची ताई. त्याची पाटी कोण बघतं? ताई. त्याची गाडी मोडली की तो कोणाकडे धावतो? ताईकडे, नाहीतर दादाकडे.

ताई दमलेली असते. भांडी पडलेली असतात. त्या वेळी त्याच्या हातातली वस्तू ओढून घेऊन पटकन करून देणं सोपं असतं. नेहमीच प्रश्न विचारायला वेळ नसतो, हे मला कळतं. पण दिवसातून एकदा, फक्त एकदा, हात पाठीमागे बांधून 'तुला काय वाटतं, कुठं अडलंय?' असं विचारायला लागतात तीन सेकंद. त्या तीन सेकंदांत त्या पोराला कळतं की आपल्या डोक्यातही काहीतरी येऊ शकतं, आणि कोणीतरी ते ऐकायला थांबलंय. वर्षभर ज्याला असं कोणी विचारलं, तो शाळेत 'मला नाही येत' म्हणायच्या आधी एकदा तरी करून बघतो. मी वर्गात अशी मुलं ओळखू शकतो. त्यांच्या घरी कोणीतरी थांबणारं असतं.

आणि ज्याला ताई-दादा नाही, त्याने काय करायचं? स्वतःचंच कोच व्हायचं. अडलात की वही घ्या आणि आपणच आपल्याला विचारा : मला नेमकं काय करायचंय? आत्तापर्यंत काय करून पाहिलं? त्यातलं काय जमलं? ही वस्तू आणखी कशाला वापरता येईल? असंच करायचं असं मला कोणी सांगितलं, की मीच धरून चाललोय? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा. भरलेली पेटी त्यानेच रिकामी होते.

या आठवड्याचा उद्योग

सहा सारख्या लांबीच्या काड्या घ्या आणि थोडे भिजवलेले वाटाणे घ्या. काडी मोडायची नाही, काडीवरून काडी आडवी टाकायची नाही. या सहा काड्यांचे चार त्रिकोण करायचे, आणि चारही सारखे हवेत. प्रत्येक त्रिकोणाची प्रत्येक बाजू म्हणजे एक पूर्ण काडी.

आधी स्वतः सोडवा. सुटलं की मग खरा उद्योग सुरू. हेच कोडं धाकट्या भावंडाला किंवा मित्राला द्या, समोर बसा आणि हात पाठीमागे बांधा. उत्तर सांगायचं नाही, काडीला हात लावायचा नाही. फक्त विचारायचं आणि तीन अंबे थांबायचं. फारच अडला, तर एवढंच विचारा : "काड्या जमिनीवरच ठेवायच्या, असं कोणी सांगितलं रे?"

तुम्ही कोणते प्रश्न विचारले आणि कोणत्या प्रश्नाने गाडी पुढे सरकली, ते पोस्टकार्डावर लिहून कळवा. कोड्याचं उत्तर लिहू नका. ते मला माहीत आहे. मला तुमचे प्रश्न हवेत.